दोन पाळ्यांच्या मधला अर्धा तास

मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारी तरुण मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, सुरतमध्ये अजून मराठी शाळा आहेत?" विचारणारी मुलं इथेच जन्मलेली, अडाजण किंवा वेसूला राहणारी, इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात. त्यांचे आजोबा कधीतरी अमळनेर, पारोळा, शिंदखेडा असं कुठूनतरी ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने इथे आलेले असतात. आजोबा शिकले मराठीत, वडील शिकले थोडं मराठीत थोडं गुजरातीत, आणि ही मुलं इंग्रजीत. त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. संपादकांनी लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं याच प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यावं.

शाळा आहेत. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती आजही गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. देशात फार थोड्या शहरांना हे सांगता येईल. कारण सोपं आहे. या शहराचे माग चालवायला, साड्या रंगवायला आणि हिरे घासायला जी माणसं आली, त्यांची मुलं कुठेतरी शिकली पाहिजेत. गंजामहून आलेला ओडिया कारागीर, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर, उत्तर प्रदेश-बिहारचा डाइंग मिलमधला कामगार आणि आपला खानदेशी, हे सगळे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत शेजारी-शेजारी राहतात. मुलंही एकाच गल्लीत खेळतात. फक्त शाळेची वेळ झाली की वेगवेगळ्या माध्यमांत जातात.

मी लग्न करून सुरतला आले ती अमळनेरहून. गेली वीसेक वर्षं याच भागातल्या पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्या इमारतीत सकाळी आमची शाळा भरते आणि दुपारी ओडिया माध्यमाची. बाक तेच, फळा तोच, पाण्याची टाकी तीच. फळ्यावर सकाळी मी बाराखडी लिहायची आणि दुपारी त्यावर गोल गोल ओडिया अक्षरं यायची. कितीतरी वर्षं आमचा एकमेकांशी संबंध चाव्या देण्या-घेण्यापुरता आणि "पंखा दुरुस्त करायला सांगितलंय का?" एवढाच होता. तो पुढे कसा वाढला, त्याची ही हकीकत आहे.

गुजरातमध्ये काही शाळा मिळून एक क्लस्टर होतो. त्याच्या समन्वयकाला आम्ही 'सी.आर.सी.' म्हणतो. महाराष्ट्रात जसं केंद्र आणि केंद्रप्रमुख, तसंच हे. क्लस्टरमधल्या शिक्षकांनी ठराविक दिवशी एकत्र यायचं, अडचणी बोलायच्या आणि एकमेकांकडून शिकायचं, ही मूळ कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण कुठल्याही राज्यातल्या शिक्षकाला विचारा, अशा बैठकीत बराच वेळ माहितीची पत्रकं भरण्यात जातो. किती मुलांचे आधार क्रमांक जोडले, किती गणवेश वाटले, कुठली माहिती कधीपर्यंत द्यायची. चहा होतो आणि बैठक संपते. 'मुलांना वजाबाकी का येत नाही' हे विचारायचं राहूनच जातं.

मग कोरोना आला. गुजरातमध्ये पहिली ते पाचवीचे वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले ते २२ नोव्हेंबर २०२१ ला. माझ्याकडे तिसरी होती. म्हणजे पहिलीच्या शेवटी शाळा बंद होण्याआधीही ज्यांचं बस्तान नीट बसलं नव्हतं आणि दुसरी ज्यांनी जवळपास पाहिलीच नव्हती, अशी ती मुलं. मोठ्या भावंडाच्या मोबाइलवर थोडेफार धडे पाहिलेले. तक्त्यावरची मुळाक्षरं 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत घडाघडा म्हणायची. पण मधलंच एखादं अक्षर बोटाने दाखवलं की थांबायची. मग 'क'पासून पुन्हा सुरुवात करत त्या अक्षरापर्यंत पोचायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, गाणं येत होतं.

एक दिवस शाळा सुटल्यावर चाव्या देताना दुपारपाळीच्या ओडिया शाळेतल्या सरांशी हे बोलले. ते हसले आणि म्हणाले, "बहनजी, मेरे बच्चे भी गाना ही गाते हैं." त्यांना वाटत होतं की ओडिया मुलांना सुरतमध्ये ओडिया वातावरण मिळत नाही म्हणून असं होतं. मला वाटत होतं की आमच्या मुलांच्या घरी अहिराणी असते म्हणून असं होतं. मागच्या गल्लीतल्या उर्दू शाळेच्या आपांना विचारलं, तर त्या त्यांच्या मुलांबद्दल अगदी हेच सांगत होत्या. प्रत्येक जण आपापल्या भाषेला दोष देत होता. तिघांची अडचण एक होती आणि ती भाषेची नव्हती.

पुढच्या बैठकीत आम्ही आमच्या समन्वयकांना विनंती केली की सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास आम्हाला द्या, पत्रकं नंतर भरू. ते स्वतः वर्गावर शिकवून आलेले होते, लगेच तयार झाले. पहिला नियम असा ठरला की कुणीही टक्केवारी आणायची नाही. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणायच्या, मुलांची नावं झाकून. सुरुवात गणितापासून करायची, कारण एकमेकांची लिपी आली नाही तरी बेरीज-वजाबाकी सगळ्यांना कळते.

त्या दिवशी टेबलावर वह्या पसरल्या. कुणाच्या वहीत मराठी आकडे, कुणाच्या ओडिया, कुणाच्या गुजराती. गणित सगळ्यांना एकच दिलं होतं: ४३ वजा २७. उत्तर १६. आणि वहीमागून वहीत उत्तर होतं २४! असं का? तर मुलं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. सातातून तीन गेले चार, चारातून दोन गेले दोन. चार लिपींत लिहिलेली ही एकच चूक होती. पोरं आळशी नव्हती की ढ नव्हती. त्यांनी आपल्या डोक्याने एक नियम तयार केला होता आणि तो इमानदारीने पाळला होता. दशक मोडून त्याचे दहा एकक होतात, हे त्यांनी कधी हाताने करून पाहिलेलंच नव्हतं.

उपाय ओडिया सरांना सुचला, आणि तो फक्त सुरतमध्येच सुचू शकतो. त्यांच्या एका पालकाने मागावरच्या रिकाम्या बॉबिनचं पोतं आणून दिलं. दहा बॉबिन रबराने बांधल्या की एक दशक. ४३ म्हणजे चार जुड्या आणि तीन सुट्या. आता सात द्यायच्या आहेत, सुट्या तर तीनच आहेत. मग काय करायचं? एक जुडी सोडायची. मुलं स्वतःच जुडी सोडायची. तुम्ही म्हणाल, यात नवं काय? आपण काड्यांच्या जुड्या केल्याच की लहानपणी. खरं आहे, नवं काहीच नाही. नवं एवढंच होतं की चार शाळांनी एकाच आठवड्यात तेच केलं आणि पुढच्या वेळी पुन्हा वह्या आणल्या. कुणाच्या वर्गात जमलं, कुणाच्या नाही, हे उघडपणे पाहिलं. ज्यांच्या वर्गात जमलं नव्हतं त्यांना जमलेल्यांनी विचारलं, "जुड्या मुलांनी बांधल्या की तुम्ही बांधून दिल्या?" फरक तिथे होता.

पुढची पायरी अवघड होती: एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं. शिक्षकाच्या वर्गात मागे कुणी येऊन बसलं की त्याला तपासणीच आठवते. गुजरातमध्ये २००९ पासून गुणोत्सव सुरू झाला, अधिकारी शाळेत येऊन मुलांचं वाचन-लेखन-गणन पाहू लागले आणि शाळांना श्रेणी मिळू लागली. त्याची सवय अशी झाली की वर्गात पाहुणा आला म्हणजे गुण मिळणार किंवा जाणार. यावर आम्ही ठरवलं की येणाऱ्याने शिक्षकाकडे पाहायचंच नाही, फक्त मुलांकडे पाहायचं. आणि नंतर 'तुम्ही असं करायला हवं होतं' म्हणायचं नाही. 'मला हे दिसलं' एवढंच सांगायचं.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. जपानमध्ये ती शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे, तिला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. काही शिक्षक मिळून एक धडा आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात, मग सगळे बसून बोलतात. आम्हाला त्याचं नावगाव नंतर कळलं. आपल्याकडची म्हण तर आधीपासून आहेच, गाव करी ते राव काय करी.

आमच्या शाळेतले सर्वांत ज्येष्ठ सर सुरुवातीला या भानगडीत पडले नाहीत. त्यांच्यावर कुणी सक्तीही केली नाही. एक दिवस तेच म्हणाले, "माझ्या शेवटच्या बाकावर काय चालतं तेवढं कुणीतरी पाहून सांगा." गेले ओडिया सर. त्यांना मराठी जेमतेम कळतं. तास झाल्यावर ते म्हणाले, "खिडकीजवळची दोन वेण्यांची मुलगी, तुम्ही प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी तिचे ओठ हलतात. हात मात्र वर होत नाही." सर थक्क झाले. ती मुलगी वर्षभर बोललेली नव्हती. तिचं नाव 'विशेष लक्ष द्यायचे' या यादीत होतं. मराठी कळत नसल्यामुळे पाहुणे सर शब्दांकडे न पाहता चेहऱ्यांकडे पाहत होते, म्हणून त्यांना ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी सर तिच्या बाकाशी जाऊन बसले आणि तिच्याशी सरळ अहिराणीत बोलले. सर धुळ्याकडचे, त्यांना काय अवघड? तिने हळू आवाजात उत्तर दिलं, बरोबर आणि अहिराणीत. ती गप्प राहत होती ती उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. आपली बोली वर्गात चालत नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

यावरून आमच्यात मोठा वाद झाला. एक बाई म्हणाल्या, "पालक आधीच इंग्रजी माध्यमाकडे पळतायत. वर्गात अहिराणी बोलायला लागलो तर म्हणतील, हे तर आम्ही घरीच शिकवतो, शाळेत कशाला पाठवू?" त्यांची भीती खोटी नव्हती. मराठी वर्गांचा पट कमी होताना आम्ही डोळ्यांनी पाहतोय. पट घसरला की वर्ग दुसरीकडे जोडले जातात. मग लांबची शाळा नको म्हणून घरी बसते ती आधी मुलगीच. त्यामुळे 'मुलं टिकली पाहिजेत' हा आमच्यासाठी भाषणाचा मुद्दा नाही.

शेवटी मार्ग निघाला तो भिंतीवरून. वर्गाच्या मागच्या भिंतीवर तीन रकाने केले: अहिराणी, मराठी, गुजराती. मुलांनी घरून शब्द आणायचे. आंडेर, मुलगी, दीकरी. बठ्ठा, सगळे, बधा. आज्यांनी शब्द पुरवले, काही आज्या तर सांगायला स्वतः शाळेत आल्या. आणि एक गंमत उघडी पडली. मराठीत 'रामाचा, रामाची', अहिराणीत 'रामना, रामनी', गुजरातीत 'रामनो, रामनी'. आमची मुलं ज्या बोलीची लाज बाळगत होती, ती गुजरातीला बोट धरून नेणारी निघाली! २०२३ मध्ये गुजरात सरकारने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती शिकवणं कायद्याने सक्तीचं केलं. आमच्या मुलांना ती अवघड जात नाही. आणि आक्षेप घेणाऱ्या बाईंनीच नंतर हे तीन रकाने पालकसभेत समजावून सांगितले, कारण पालकांचा प्रश्न त्यांना सर्वांत आधी समजला होता.

याच सुमारास माझी आतेबहीण फोनवर खूप काही सांगायची. ती धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा ती पाहून आली होती. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने त्या बीटमधल्या शाळांनी मिळून शिकवण्याची रीत बदलली. फरशीवर अक्षरं-आकडे रंगवले, मुलं गटात बसून स्वतः शिकू लागली. महाराष्ट्रभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाला त्यातून बळ मिळालं. बहीण म्हणायची, "तिथे एखादी शाळा चमकलेली नाही गं, सगळं बीट पुढे गेलंय." मला ते फार पटलं. एका हुशार शिक्षकाची शाळा त्याची बदली झाली की परत होती तशी होते. दहा शाळांना सवय लागली तर ती टिकण्याची शक्यता जास्त.

आणि मराठी-गुजराती शिक्षकांनी मिळून काम करणं तर फार जुनं आहे. नव्या पिढीला कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. ताराबाई मोडक मराठी, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या. १९२३ मध्ये त्या भावनगरला दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाई मूळचे वकील, वकिली सोडून लहान मुलांना शिकवायला लागलेले. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. गुजरातीत आणि मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालवली, म्हणजे एका भाषेतल्या शिक्षकाचा अनुभव दुसऱ्या भाषेतल्या शिक्षकापर्यंत पोचावा. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी सुरतहून किती लांब आहे? गाडीने सकाळी निघालात तर जेवायला परत याल. भारतातल्या बालशिक्षणाचा एक मोठा अध्याय आपल्या दोन भाषांच्या मधल्या पट्ट्यात घडला आहे.

आता खरं काय ते सांगते. आमच्या वर्गांत चमत्कार झाला नाही. माझ्या तिसरीतली बहुतेक मुलं वर्षअखेरीस सोपा उतारा वाचू लागली, पण सहा मुलं नाही वाचू शकली. त्यातली चार होळीला गावी गेली ती आखाजी करूनच परतली. तेवढ्यात वर्ष संपलं. आमच्या समन्वयकांची जागा बदलली. नवीन आले त्यांच्यावर माहितीचा बोजा इतका की आमचा अर्धा तास पुन्हा पत्रकांत गेला. दोनदा हे काम बंद पडलं. दोन्ही वेळा पुन्हा सुरू झालं ते बैठकीत नाही, तर सकाळची पाळी सुटते आणि दुपारची भरते त्या मधल्या वेळात, व्हरांड्यात, चहाच्या कपावर. आदेशाने जेवढं झालं त्यापेक्षा जास्त त्या चहावर झालं, असं मला वाटतं. पण समन्वयक पाठीशी असले की दहा शाळा येतात आणि नसले की तीन. त्यामुळे दोन्ही हवंच.

दोन वेण्यांची ती मुलगी आता पालिकेच्या सुमन हायस्कूलमध्ये जाते. डॉक्टर-इंजिनीअर व्हायचं वगैरे काही म्हणत नाही. तिला बँकेत काम करायचं आहे, कारण आईला बँकेत फॉर्म भरता येत नाही आणि तिथले लोक भरून देत नाहीत. वर्गात हात वर करते का, ते मी मुद्दाम तिच्या नव्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "हात? आता खाली कर म्हणावं लागतं."

तर मंडळातल्या तरुण मित्रांनो, तुम्ही काय करू शकता? दरवर्षी आपल्यापैकी काही जण शाळेत वह्या वाटायला येतात. जरूर या, वह्या लागतातच. पण फोटो काढून झाल्यावर अर्धा तास थांबा. एका मुलाजवळ बसा, एक गोष्टीचं पुस्तक त्याच्याकडून वाचून घ्या. अडलं तर लगेच सांगू नका, थोडं थांबा. दर शनिवारी तुमच्यातले चार जण असे आले, तर माझ्या त्या सहा मुलांपैकी निदान काहींची गाडी पुढे जाईल. आचार्यांना आधी फोन करून वेळ ठरवा, म्हणजे परीक्षा-कार्यक्रमाच्या मध्ये येणार नाही.

दुसरं, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. आमच्या समितीतल्या आयांना बोलायचं खूप असतं, पण कागद वाचता येत नाहीत म्हणून त्या गप्प बसतात. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचं मूल अशा शाळेत जात असेल, तर बैठकीआधी दहा मिनिटं काढून तिला कागद वाचून दाखवा. पुढचं ती बोलेल.

तिसरं, घरी आजी असेल तर तिच्याकडून अहिराणीतले पंचवीस शब्द लिहून आणा. आजी कोकणातली किंवा वऱ्हाडातली असली तरी चालेल, आम्ही चौथा रकाना काढू. भिंतीवर जागा आहे.